ठिबकचा दाब कमी पडतोय? बिघडलेला व्हॉल्व्ह नेमका कसा ओळखाल

देवळा तालुक्यात आणि एकूणच कसमादे पट्ट्यात डाळिंबाची बाग असो वा उन्हाळ कांदा, विहिरीचे किंवा शेततळ्याचे मोजके पाणी ठिबकवरूनच पुरवावे लागते. अशा वेळी एखाद्या प्लॉटला पाणी कमी जाऊ लागले की पहिला संशय पंपावर येतो, दुसरा ड्रीपरवर. मग कोणी मोटार भरायला टाकतो, कोणी जास्त अश्वशक्तीचा पंप आणतो, कोणी ॲसिड सोडतो. खर्च होतो, आठ-दहा दिवस जातात आणि दोष मात्र एखाद्या कॉकमध्ये किंवा एअर व्हॉल्व्हमध्ये तसाच राहतो.

व्हॉल्व्ह बाहेरून पाहून चांगला की वाईट हे कळत नाही. दाब मोजला की कळते. दोष अडथळ्याचा असेल तर त्याच्या अलीकडे दाब वाढतो आणि पलीकडे कमी होतो. दोष गळतीचा असेल तर सगळीकडेच दाब उतरतो. हा एक फरक लक्षात ठेवला आणि हातात एक प्रेशर गेज असले, तर बहुतेक बिघाड तुम्ही स्वतः तासाभरात शोधू शकता.

दाब कमी पडल्याने नुकसान किती?

साध्या ड्रीपरमधून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे दाब चौथ्या हिश्श्यावर आला तर पाणी निम्मे होते. लॅटरलच्या टोकाला १.१ किलो दाब असायला हवा तिथे ०.४ किलोच असेल, तर पाणी सुमारे ६० टक्केच मिळते. (बोलताना आपण ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतो तो दाब प्रति चौरस सेंटिमीटर असतो. तो साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा होतो.)

एका डाळिंबाच्या झाडाला ताशी ४ लिटरचे ४ ड्रीपर असतील तर २ तासांत ३२ लिटर पाणी मिळायला हवे. वरच्या उदाहरणात ते जेमतेम १९ ते २० लिटर मिळेल. तुम्ही वहीत मात्र ‘२ तास पाणी दिले’ असेच लिहाल. व्हेंच्युरीतून सोडलेले खतही त्याच प्रमाणात कमी पोहोचते.

यावर उपाय म्हणून पाण्याचे तास वाढवले तर दुसरी अडचण उभी राहते. शेवटच्या ओळीतल्या झाडांची भूक भागते, पण पहिल्या ओळींत मुळांजवळ पाणी साचते आणि मर रोगाला वाट मिळते. फळे फुगत असताना बरेच दिवस पाणी कमी पडले आणि व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्यावर एकदम भरपूर दिले, तर फळे तडकतात. कांद्यात हेच नुकसान कमी-जास्त आकाराच्या गाठींच्या रूपाने दिसते. म्हणून दोष लवकर शोधणे आणि दुरुस्तीनंतर पाणी टप्प्याटप्प्याने वाढवणे, दोन्ही महत्त्वाचे आहे.

तपासणीपूर्वी काय जवळ ठेवावे?

- शून्य ते ४ किलोपर्यंतचे एक प्रेशर गेज. शून्य ते १० किलोच्या गेजवर ०.२ किलोचा फरक नीट वाचता येत नाही.
- सगळीकडे एकच गेज वापरा. दोन गेजच्या आकड्यांत मुळातच फरक असू शकतो.
- मोजमापाचा पेला (मिलिलिटरच्या खुणा असलेला) आणि घड्याळ किंवा मोबाइल.
- पाना, टेफ्लॉन टेप, वही आणि पेन.

गेज बसवण्यासाठी फिल्टरच्या आधी व नंतर आणि प्रत्येक प्लॉटच्या कॉकच्या आधी व नंतर छोटी तोटी हवी. नसेल तर पंप बंद असताना त्या जागी सॅडल बसवून छोटा बॉल व्हॉल्व्ह जोडून घ्या. खर्च थोडा आहे आणि तो एकदाच करावा लागतो. लॅटरलच्या टोकाला एंड कॅप काढून जॉइनरच्या साह्याने गेज लावता येते.

तपासणी सुरू असताना व्हेंच्युरी आणि खताची टाकी बंद ठेवा. व्हेंच्युरी चालवण्यासाठी आपण मुद्दाम दाबात फरक पाडतो, त्यामुळे सगळे आकडे चुकतात.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टी

१. कोणताही व्हॉल्व्ह किंवा फिल्टर उघडण्यापूर्वी पंप बंद करा, ऑटो स्विच काढा आणि दाब शून्यावर आल्याची खात्री करा. ऑटो तसाच राहिला तर लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते आणि झाकण अंगावर उडू शकते.

२. पंप चालू असताना सगळे कॉक एकाच वेळी बंद करू नका. आधी दुसऱ्या प्लॉटचा कॉक उघडा, मगच चालू प्लॉटचा बंद करा. पंपाचा बंद अवस्थेतला दाब पीव्हीसी पाइपच्या क्षमतेपेक्षा जास्त असू शकतो. पाइपवर ४ किलो, ६ किलो असे छापलेले असते, ते एकदा पाहून ठेवा.

३. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका. अँपिअर मीटर फक्त बाहेरून वाचा.

पाच ठिकाणी दाब मोजा

एका वेळी एकच प्लॉट चालू ठेवा. पंप सुरू करून १० ते १५ मिनिटे थांबा. लाइन पूर्ण भरू द्या, हवा निघून जाऊ द्या. मग पुढील पाच ठिकाणचे आकडे क्रमाने लिहा.

अ – पंपानंतर, फिल्टरच्या आधी
ब – फिल्टरनंतर
क – प्लॉटच्या कॉकच्या आधी
ड – कॉकच्या नंतर, सबमेनवर
इ – सर्वांत लांबच्या लॅटरलच्या टोकाला

समजा, सपाट जमिनीवरच्या एका चांगल्या चालणाऱ्या संचाचे आकडे असे आहेत: अ २.०, ब १.८, क १.६, ड १.५, इ १.१. हा झाला निरोगी संच. आता याच संचात वेगवेगळे बिघाड झाले तर आकडे कसे बदलतील ते पाहा.

पहिला प्रकार: अ २.४, ब २.३, क २.२, ड ०.५, इ ०.४
कॉकच्या आधी दाब नेहमीपेक्षा जास्त आणि कॉकच्या नंतर एकदम कमी. एका कॉकमध्ये १.७ किलो दाब खाल्ला जातो आहे. कॉक पूर्ण उघडत नाही किंवा त्यात काही अडकले आहे. पंप आणि फिल्टर निर्दोष आहेत.

दुसरा प्रकार: अ २.४, ब ०.८, क ०.७, ड ०.७, इ ०.५
इथे दाब फिल्टरमध्ये अडला आहे. फिल्टर चोंदला आहे किंवा फिल्टरचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. आधी फिल्टर धुवा. धुतल्यावरही फरक तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह तपासा.

तिसरा प्रकार: अ १.३, ब ०.९, क ०.५, ड ०.५, इ ०.४
सुरुवातीपासूनच दाब कमी, आणि फिल्टरमध्ये व मेन लाइनमध्ये होणारी घट मात्र नेहमीपेक्षा जास्त. याचा अर्थ मेन लाइनमधून नेहमीपेक्षा जास्त पाणी वाहते आहे, पण ते तुमच्या प्लॉटमध्ये येत नाही. दुसऱ्या प्लॉटचा कॉक पूर्ण बंद होत नसेल किंवा मेन लाइन कुठेतरी फुटली असेल.

चौथा प्रकार: अ १.१, ब १.०, क ०.९, ड ०.८, इ ०.६
दाब सुरुवातीपासून कमी आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यातली घटही कमी. म्हणजे फिल्टरपर्यंत पाणीच कमी पोहोचते आहे. दोष फिल्टरच्या अलीकडे आहे: बायपास व्हॉल्व्ह, एनआरव्ही, सक्शन किंवा खुद्द पंप. विहिरीतली पाण्याची पातळी खाली गेली असेल तरीही असेच आकडे येतात.

पाचवा प्रकार: अ २.२, ब २.१, क २.०, ड १.९, इ ०.४
कॉकपर्यंत सगळे ठीक आहे. अडथळा कॉकच्या पुढे आहे: लॅटरलमध्ये गाळ साचला असेल, नळीला घडी पडली असेल किंवा सबमेन चोंदली असेल. दोन-तीन लॅटरलच्या टोकांना दाब पाहा. एकाच लॅटरलला कमी असेल तर दोष त्या लॅटरलमध्ये, सगळ्यांना कमी असेल तर सबमेनमध्ये.

हे आकडे पाठ करायचे नाहीत. तुमच्या शेतातले आकडे वेगळे असतील. डोंगरउताराच्या जमिनीत १० मीटर चढ असेल तर १ किलो दाब चढण्यातच जातो आणि तेवढाच उतार असेल तर १ किलो वाढतो. म्हणून संच चांगला चालत असताना एकदा पाचही ठिकाणचा दाब मोजून वहीत किंवा फिल्टरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढे बिघाड झाला की तुलना याच आकड्यांशी करायची आहे.

अँपिअर मीटरही साक्ष देतो

स्टार्टरवरचा अँपिअर मीटर चालू स्थितीत असेल तर त्याचा उपयोग करा. आपल्याकडच्या नेहमीच्या सेंट्रिफ्युगल आणि सबमर्सिबल पंपांत साधारणपणे वाहणारे पाणी कमी झाले की अँपिअर उतरतात आणि पाणी जास्त वाहू लागले की चढतात.

- गेजवर दाब जास्त, अँपिअर नेहमीपेक्षा कमी: पुढे कुठेतरी अडथळा.
- दाब कमी, अँपिअर नेहमीपेक्षा जास्त: कुठेतरी गळती किंवा नको असलेला कॉक उघडा.
- दाब कमी, अँपिअरही कमी: पंपाला पाणी कमी मिळते आहे किंवा पंप झिजला आहे.

व्होल्टेज कमी असेल तर अँपिअर बदलतात. त्यामुळे व्होल्टमीटर पाहूनच निष्कर्ष काढा.

कोणता व्हॉल्व्ह, कशी लक्षणे, कशी खात्री?

आकड्यांवरून दोषाची जागा कळली की त्या जागेवरचा व्हॉल्व्ह तपासा. प्रत्येक व्हॉल्व्हचे काम वेगळे असल्यामुळे तपासणीही वेगळी आहे.

प्लॉटचा कॉक (बॉल व्हॉल्व्ह)

दांडा पाइपच्या रेषेत असेल तर कॉक उघडा आणि आडवा असेल तर बंद, असे आपण समजतो. पण उन्हाने प्लॅस्टिक कडक होऊन दांड्याचा खाचा झिजतो किंवा आतली खुंटी तुटते. मग दांडा पूर्ण फिरतो, आतला बॉल मात्र अर्धवट फिरतो किंवा जागचा हलतच नाही.

खात्री: ‘ड’ या ठिकाणी गेज लावून दांडा हळूहळू फिरवा. दांडा फिरतो पण काटा हलत नाही, तर आतला बॉल फिरत नाही. दांडा नेहमीपेक्षा फारच सैल वाटत असेल तरीही हीच शंका घ्या.

कॉक बंद होतो की नाही हे पाहण्यासाठी तो बंद करा, शेजारचा प्लॉट चालू ठेवा आणि बंद प्लॉटमधील सर्वांत खालच्या लॅटरलची एंड कॅप काढा. नळ्यांत साठलेले पाणी काही वेळ येतच राहील. ते निथळू द्या. अर्ध्या तासानंतरही धार सुरू असेल तर कॉक गळतो आहे. गिरणा काठच्या विहिरींच्या पाण्यात वाळू असते. ती बॉल आणि सीटच्या मध्ये अडकून सीटवर चरे पाडते. अशा ठिकाणी नुसता कॉक बदलून भागत नाही. पंपानंतर हायड्रोसायक्लोन नसेल तर नव्या कॉकचीही तीच गत होते.

एअर व्हॉल्व्ह

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच व्हॉल्व्हकडे. त्याची कामे दोन: लाइन भरताना हवा बाहेर सोडणे आणि पंप बंद झाल्यावर हवा आत घेणे. तो पंपाजवळ, मेन लाइनच्या उंच जागांवर आणि प्लॉटच्या कॉकनंतर सबमेनवर असतो.

त्याच्यातून सतत पाणी उडत असेल तर आतल्या बॉलखाली कचरा बसला आहे किंवा रबरी सीट खराब झाली आहे. तो उघडत नसेल तर उंच भागात हवा कोंडते, गेजचा काटा थरथरतो आणि पाणी झटक्या-झटक्याने येते.

दुसरे काम बिघडले तर नुकसान उशिरा दिसते. कॉक बंद केल्यावर वरच्या लॅटरलमधले पाणी उताराने खाली जाते आणि मागे पोकळी तयार होते. एअर व्हॉल्व्हमधून हवा आत आली नाही तर ड्रीपरच्या छिद्रातून हवा आणि तिच्याबरोबर चिखल आत ओढला जातो. ड्रीपर वारंवार चोंदत असतील, विशेषतः उताराच्या वरच्या भागातले, तर ॲसिड सोडण्याआधी एअर व्हॉल्व्ह पाहा.

खात्री: पंप सुरू करताना व्हॉल्व्हजवळ थांबा. आधी हवा सुटल्याचा आवाज यायला हवा आणि लाइन भरताच तो बंद व्हायला हवा. पंप बंद करताना व्हॉल्व्हच्या तोंडावर कागदाचा कपटा धरा. तो ओढला जायला हवा. ओढला गेला नाही तर व्हॉल्व्ह खोलून साफ करा.

गळणाऱ्या एअर व्हॉल्व्हला बूच मारणे किंवा रबर गुंडाळणे हा उपाय नाही. गळती थांबते, पण व्हॉल्व्हची दोन्ही कामेही थांबतात.

एनआरव्ही (नॉन रिटर्न व्हॉल्व्ह)

हा पंपानंतर असतो आणि पाणी उलट विहिरीत जाऊ देत नाही. लाईट अचानक गेली की याचीच कसोटी लागते.

तो बंद होत नसेल तर पंप थांबताच पाणी मागे विहिरीत पडल्याचा आवाज येतो, पंप उलटा फिरू शकतो आणि पुढच्या वेळी लाइन भरायला जास्त वेळ लागतो. खत सोडताना लाईट गेली तर खताचे पाणी विहिरीत जाते. त्याच विहिरीचे पाणी घरी प्यायला आणि जनावरांना वापरत असाल तर हा व्हॉल्व्ह एक दिवसही नादुरुस्त ठेवू नका.

खात्री: एनआरव्हीच्या पुढे गेज लावा, पंप बंद करा आणि त्याच वेळी प्लॉटचा कॉकही बंद करा. दाब काही वेळ टिकायला हवा. काटा झटकन शून्यावर आला आणि विहिरीत पाण्याचा आवाज आला तर एनआरव्ही गळतो आहे.

तो नीट उघडत नसेल तर आकडे चौथ्या प्रकाराचे येतात. बसवताना त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहा. दुरुस्तीनंतर उलटा बसवल्याने पाणीच न येण्याचे प्रकार होतात.

फूटव्हॉल्व्ह

विहिरीच्या धक्क्यावर बसवलेल्या पंपाला दर वेळी पाणी भरावे लागत असेल तर सक्शन पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळतो आहे. पंपात पाणी भरा, प्राइमिंगचे तोंड उघडे ठेवा आणि दहा मिनिटे पातळी पाहा. पातळी खाली जात असेल तर फूटव्हॉल्व्हच्या जबड्यात कचरा आहे किंवा रबर गेले आहे. त्याची जाळी शेवाळाने बुजली असेल तर पातळी टिकते, पण चालू पंपाला पाणी कमी मिळते.

बायपास व्हॉल्व्ह

जास्तीचे पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात परत सोडणारा हा कॉक बंद दिसला तरी आतून वाहू शकतो. तपासणी सगळ्यांत सोपी: बायपास पाइपचे तोंड पाहा. कॉक बंद असताना तिथून पाणी पडत असेल तर दोष सापडला. हे तोंड विहिरीत खोल किंवा पाण्याखाली असल्याने ते कोणी पाहतच नाही. शक्य असेल तर तोंड दिसेल असे वर घ्या.

सँड फिल्टरचे बॅकवॉश व्हॉल्व्ह

शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते, त्यामुळे सँड फिल्टर वारंवार बॅकवॉश करावा लागतो. तो केल्यानंतर व्हॉल्व्हचा दांडा पूर्ण जागेवर आला नाही तर थोडे पाणी बॅकवॉशच्या पाइपमधून सतत वाहत राहते. फिल्टर धुऊनही दाब वाढत नसेल तर या पाइपच्या तोंडाला हात लावून पाहा. फिल्टरच्या आधी व नंतरच्या दाबातला फरक नेहमीपेक्षा ०.५ किलोने वाढला की बॅकवॉश करावा.

फ्लश व्हॉल्व्ह

सबमेनच्या टोकाला, जमिनीलगत किंवा खड्ड्यात असल्यामुळे हा गवतात दडतो. बांधाच्या त्या कोपऱ्यात कायम ओल, लव्हाळा किंवा गवत जास्त हिरवे दिसले तर तिथे गळती आहे असे समजा.

स्वयंचलित व्हॉल्व्ह

ज्यांच्याकडे कंट्रोलरवर चालणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत त्यांनी आधी दोष विजेचा आहे की पाण्याचा हे ठरवावे. लाइनमध्ये दाब असताना व्हॉल्व्हवरचा हाताने उघडण्याचा स्क्रू किंवा खटका फिरवा.

- हाताने उघडला: व्हॉल्व्ह चांगला आहे. वायर, कॉइल किंवा कंट्रोलर तपासा. मल्टिमीटरवर कॉइलचे रीडिंगच येत नसेल तर कॉइल जळाली आहे.
- हाताने उघडला नाही: बारीक कमांड ट्यूब चोंदली आहे किंवा आत कचरा अडकला आहे.
- बंदच होत नाही: रबरी पडद्याला (डायफ्रामला) भोक पडले असेल, त्याखाली खडा असेल किंवा हाताने उघडण्याचा स्क्रू सैल राहिला असेल.

पेल्याची चाचणी

गेजवरून दोष कळतो, पण झाडाला प्रत्यक्ष किती पाणी मिळते ते पेल्याने मोजावे. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या लॅटरलवर प्रत्येकी सुरुवात, मध्य आणि टोक असे नऊ ड्रीपर निवडा. प्रत्येकाखाली पेला ३ मिनिटे धरा. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरमधून २०० मिलि आणि ताशी २ लिटरच्या ड्रीपरमधून १०० मिलि पाणी यायला हवे.

- सर्व नऊ ठिकाणी सारखेच कमी: दोष कॉकमध्ये किंवा त्याच्या अलीकडे.
- टोकाकडे कमी होत जाते: गाळ, घडी किंवा लॅटरलची लांबी जास्त.
- कुठे कमी, कुठे बरोबर, काही क्रम नाही: ड्रीपर चोंदले आहेत. ॲसिड किंवा क्लोरीन प्रक्रियेचा विचार फक्त याच स्थितीत करा.

दाब-नियंत्रित (पीसी) ड्रीपर असतील तर सावध राहा. किमान दाब मिळेपर्यंत ते सारखेच पाणी देतात. त्यामुळे कॉक बिघडत चालला तरी पेल्यात फरक दिसत नाही आणि एक दिवस अचानक पाणी कमी होते. अशा संचात गेजचे आकडेच खरे मानावेत. कांद्याला मिनी स्प्रिंकलर असतील तर त्यांना ठिबकपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे व्हॉल्व्हचा दोष तिथे आधी दिसतो. फवाऱ्याचे वर्तुळ लहान होते आणि दोन फवाऱ्यांमधला पट्टा कोरडा राहतो.

दुरुस्ती की बदल?

- कचरा अडकला असेल: खोलून, धुऊन परत बसवा. बसवण्यापूर्वी लाइन काही वेळ मोकळी वाहू द्या.
- रबर, ओ-रिंग किंवा डायफ्राम खराब असेल: तेवढाच भाग बदला.
- क्षाराचा पांढरा थर असेल: सुटा केलेला भाग व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासा. चाकूने खरवडू नका, सीटवर चरे पडतात.
- बॉल, सीट किंवा खुंटी खराब असेल, किंवा प्लॅस्टिकला तडा गेला असेल: कॉक बदला. नवा कॉक त्याच मापाचा घ्या. ६३ मिमीच्या लाइनवर लहान कॉक बसवला तर पैसे देऊन कायमचा अडथळा बसवल्यासारखे होईल.
- सोल्युशन लावून जोड दिल्यावर ते पूर्ण वाळल्याशिवाय दाब देऊ नका.

दुरुस्तीनंतर पाचही ठिकाणचा दाब पुन्हा मोजा. जुने चांगले आकडे परत आले तरच काम झाले असे समजा. पिकाला बरेच दिवस पाणी कमी पडले असेल तर तूट एका दिवसात भरून काढू नका. तीन-चार पाळ्यांत हळूहळू नेहमीच्या प्रमाणावर या.

वर्षातून केव्हा तपासावे?

- डाळिंबाचा बहार धरताना, ताणानंतरचे पहिले पाणी देण्याआधी.
- उन्हाळ कांद्याच्या लागवडीआधी, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास.
- पावसाळ्यात संच बराच काळ बंद राहिल्यानंतर तो पुन्हा सुरू करताना.
- पाण्याचा स्रोत बदलल्यावर. विहिरीचे पाणी संपून शेततळ्याचे सुरू केले की शेवाळाचा त्रास सुरू होतो.
- बंद ठेवलेले कॉकही महिन्यातून एकदा पूर्ण उघडझाप करून घ्या. बरेच दिवस एकाच जागी राहिलेला बॉल क्षाराने धरतो.

कृषी सहायक आणि सल्लागारांसाठी

‘शेवटच्या ओळींना पाणी पोहोचत नाही’ किंवा ‘झाडे पिवळी पडली’ अशी तक्रार आली की खताची शिफारस करण्याआधी पाच ठिकाणचे दाब विचारा. शेतकऱ्याकडे गेज नसेल तर आपल्या पिशवीतले लावा. गावात आठ-दहा जणांनी मिळून एक चांगले गेज घेतले तरी सर्वांचे काम भागते. तपासलेल्या प्रत्येक संचाचे चांगल्या स्थितीतले आकडे शेतकऱ्याच्या वहीत तारखेसह लिहून द्या. पुढच्या हंगामात बिघाड झाला तर फोनवरूनही दोषाची जागा सांगता येईल.

पंप विहिरीतून वर काढण्यापूर्वी, मोटार खोलण्यापूर्वी किंवा नव्या पंपाची ऑर्डर देण्यापूर्वी एवढी तपासणी करा. आकडे चौथ्या प्रकाराचे असतील, विहिरीत पाणी पुरेसे असेल आणि बायपास, एनआरव्ही व फूटव्हॉल्व्ह निर्दोष निघाले असतील, तरच पंप काढावा आणि जाणकार मेकॅनिकला बोलवावे.